बाळ अंगावर पितंय, पण वजन सरकत नाही: तपासणी कुठून सुरू करायची

लक्षणं आधी सांगते, म्हणजे पुढचं तुमच्या कामाचं आहे की नाही ते कळेल.

बाळ दोन आठवड्यांचं झालं तरी जन्माच्या वजनावर परत आलेलं नाही. किंवा आलं, पण त्यानंतर आठवड्याला १०० ग्रॅमच्या पुढे काटा जात नाही. अंगावर घेतलं की पाच मिनिटांत पेंगतं, खाली ठेवलं की पुन्हा रडतं. चोवीस तासांत शूचे लंगोट सहापेक्षा कमी. पाचवा दिवस उलटला तरी शी काळपट-हिरवीच, पिवळी झालेली नाही. चौथ्या दिवसानंतरही लंगोटावर विटकरी डाग. आणि आईच्या बाजूने पाहिलं तर स्तनाग्रांना चिरा, पाजून झाल्यावर ती चपटी किंवा तिरकी झालेली, आणि स्तन पाजण्याआधी जितके जड तितकेच नंतरही.

मी प्रसूतिगृहात परिचारिका होते. आता ठाण्यात आणि पलीकडे ऐरोली-घणसोलीपर्यंत बाळंतिणींच्या घरी जाते. बोलावणं येतं ते बहुतेक वेळा एकाच वाक्याने: "ताई, हिला दूधच नाही." मी हे वाक्य यादीच्या तळाशी ठेवते. दूध खरंच कमी असणं होतं, त्याबद्दल पुढे लिहिलंय. पण त्याआधी दूध बाळाच्या पोटापर्यंत पोचतंय का, हे तपासायला पैसे लागत नाहीत आणि दोष बहुतेकदा तिथेच सापडतो.

थांबा, हे असेल तर पुढे वाचू नका

बाळ पाजायला उठतच नाही किंवा ओढायची ताकदच नाही. आठ तास शू नाही. टाळू खोल गेलीय, तोंड कोरडं आहे. ताप ३८ अंश सेल्सियसच्या वर, किंवा अंग गार पडलंय. श्वास मिनिटाला साठहून जास्त, छाती आत ओढली जातेय. ओठ निळसर. उलटी हिरवी. पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरलाय. पिताना कपाळाला घाम फुटतो आणि दम लागतो. वजन जन्माच्या वजनापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त घटलंय.

यातलं एकही दिसलं तर आजच, आत्ता बालरोगतज्ज्ञाकडे. डॉक्टर ओळखीचे नसतील तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वाशीचं महापालिका रुग्णालय गाठा, गाडी नसेल तर १०८ लावा. "घोडबंदरला आत्ता ट्रॅफिक आहे, रात्री निघू" असं करू नका. नवजात बाळ दुपारपासून रात्रीपर्यंतच्या वेळात फार खाली जाऊ शकतं.

जे लक्षण नाही

जन्मानंतर पहिल्या तीन-चार दिवसांत वजन घटतंच. सात टक्क्यांपर्यंतची घट नेहमीची. म्हणजे ३ किलोचं बाळ २ किलो ८०० वर आलं तर घाबरायचं कारण नाही. सात ते दहाच्या मध्ये असेल तर पकड, म्हणजे बाळ स्तन तोंडात कसं धरतं ते, एकदा बघून घ्यावी. सिझेरियनच्या आधी आईला बरंच सलाईन लागलं असेल तर बाळही थोडं पाणी धरून जन्माला येतं, त्यामुळे त्याची घट जास्त दिसते. दहा ते चौदा दिवसांत वजन परत जागेवर यावं आणि मग पहिले तीन महिने दिवसाला सरासरी २० ते ३० ग्रॅम, म्हणजे आठवड्याला साधारण १५० ते २०० ग्रॅम वाढावं.

संध्याकाळी सहा ते दहा बाळ सारखंच अंगाला लागतं, हे लक्षण नाही. महिन्याभराने स्तन मऊ पडतात, हेही नाही. पंपाने जेमतेम ३० मिली निघालं, हेही नाही, कारण नीट पकडलेलं बाळ पंपापेक्षा जास्त ओढतं. अंगावर पिऊन झाल्यावर बाटली दिली आणि तीही गटागट संपवली, हा तर घरोघरी दिला जाणारा पुरावा. पण टाळ्याला काही लागलं की नवजात बाळ ओढतंच, भूक असो वा नसो. समोरच्या फ्लॅटमधल्या बाळाशी होणाऱ्या तुलनेबद्दल मी काही बोलत नाही.

१. आधी काटा तपासा

जन्म एका दवाखान्यात, पहिलं वजन दुसरीकडे, माहेरी डोंबिवलीला गेल्यावर तिसऱ्याच काट्यावर. दोन काट्यांमध्ये ५०-१०० ग्रॅमचा फरक सहज पडतो, म्हणजे अर्ध्या आठवड्याची वाढ काट्यातच जिरली. त्यात झबलं, टोपडं, भिजलेला डायपर. बाळ उघडं करून, एकाच डिजिटल काट्यावर, साधारण एकाच वेळी वजन करा आणि माता-बाल संरक्षण कार्डावर तारखेसह लिहा. त्या कार्डातला वाढीचा आलेख भरायलाच दिलाय. आशाताई जन्मानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्या आल्या की वजन करून घ्या, चहा पाजून परत पाठवू नका.

रोज वजन करायचा हट्ट मात्र नको. एक मोठी शी झाली की आकडा खाली येतो आणि घरात सुतकी चेहरे. काळजीचं बाळ असेल तर दोन-तीन दिवसांनी, नाहीतर आठवड्यातून एकदा पुरे.

२. चोवीस तासांत किती वेळा?

कागद घ्या आणि एक पूर्ण दिवस-रात्र फक्त वेळा टिपा: पाजायला कधी घेतलं, शू कधी, शी कधी. अंदाजाने सांगितलेला आकडा आणि टिपलेला आकडा यांत नेहमी तफावत निघते. "दर दोन तासांनी पाजते हो" म्हणणाऱ्या घरी कागदावर सहा वेळा भरतात. हव्यात आठ ते बारा.

उरलेल्या वेळा कुठे जातात, ते मला आता पाठ झालंय. सकाळी साडेआठला पाजलं. अकराला मालिशवाल्या मावशी येतात. तेल, भरपूर चोळणं, कढत पाणी, मग ओव्या-शेपाची धुरी, डोळ्यांत काजळ, दुपट्यात घट्ट गुंडाळी. बाळ दमून गाढ झोपतं आणि आजी कौतुकाने सांगतात, "मावशींचा हात लागला की अडीच वाजेपर्यंत हूं नाही की चूं नाही." साडेआठ ते अडीच, सहा तास. रात्री अकरा ते चारही असंच जातं, कारण झोपलेल्या बाळाला उठवायचं नाही अशी समजूत. या दोनच फटी, पण दिवसातल्या चार वेळा त्यांनी खाल्ल्या. बारशाच्या दिवशी तर विचारूच नका. बाराव्या दिवशी, म्हणजे वजन जागेवर यायच्या नेमक्या दिवसांत, बाळ पाहुण्यांच्या मांडीवरून मांडीवर फिरत असतं आणि आई शालू नेसून हॉलमध्ये.

मालिश बंद करा असं मी कधीच सांगत नाही, कारण ऐकलं जात नाही आणि हलक्या हाताची मालिश वाईटही नाही. क्रम बदला. मावशी यायच्या पाऊण तास आधी पाजा, आंघोळ झाली की गुंडाळायच्या आधी पुन्हा अंगावर घ्या. चोळणं आणि पाणी दोन्ही सौम्य. धुरी आणि काजळ मात्र खरंच सोडा. धुराचा बाळाच्या छातीला त्रास होतो, काजळाचा डोळ्यांना, आणि फायदा कशाचाच नाही.

वजन रुळावर येईपर्यंत एका पाजण्याच्या सुरुवातीपासून दुसऱ्याच्या सुरुवातीपर्यंत दिवसा तीन तास, रात्री चार तास, याहून मोठी फट पडू देऊ नका. उठवायला कपडे काढा, लंगोट बदला, तळपाय चोळा, आईच्या उघड्या छातीवर ठेवा. ठाण्याच्या मे महिन्यात टोपडं, मोजे आणि दोन दुपटी घातलेलं बाळ उकाड्यानेच सुस्त पडतं. आईला पंखा लागतो तर बाळालाही चालतो.

याला एवढं महत्त्व का? तर स्तन रिकामा होतो तसं दूध बनतं. भरून राहिला की शरीराला निरोप जातो, गरज नाही, थांबव. दूध बनवणारं संप्रेरक प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, त्यामुळे रात्रीचं पाजणं गाळलं की दुसऱ्या दिवशीचंही दूध कमी होत जातं.

३. तोंडात आणखी काय जातंय?

गुटी, मध, साखरपाणी, ग्राइप वॉटर, उन्हाळा म्हणून चमचाभर पाणी, गप्प बसावं म्हणून चोखणी. सगळं बंद. अंगावरच्या दुधात पुरेसं पाणी असतं, अगदी मे महिन्यातही. सहा महिने वरचं पाणी लागत नाही. नवजात बाळाचं पोट लहान. त्यात दोन चमचे गुटीचं पाणी गेलं की तेवढी भूक मेली, आणि त्यातून वजन वाढत नाही. मध एक वर्षाच्या आत देऊच नये. त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. चोखणीने भुकेची खूणच झाकली जाते. डॉक्टरांनी लिहून दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब चालू ठेवा, ते यात येत नाहीत.

सासूबाईंना हे सुनेने सांगायचं म्हणजे घरात महाभारत. बाळाच्या बापाने सांगावं, किंवा डॉक्टरांकडून त्यांच्यासमोर वदवून घ्यावं. वेखंड-हळकुंड उगाळलेली सहाण माळ्यावर ठेवा, टाकून द्यायला सांगू नका. मान राहतो आणि काम होतं.

४. पकड

माझा घरातला निम्मा वेळ इथे जातो.

आई बहुतेक वेळा दिवाणावर पाठीला आधार न घेता, पुढे वाकून बसलेली असते आणि स्तन बाळाकडे नेत असते. उलटं करायचं. पाठ भिंतीला, मांडीवर उशी, आणि बाळ स्तनाकडे आणायचं. बाळाचं पोट आईच्या पोटाला भिडलेलं, कान, खांदा, कंबर एका रेषेत. मान वळवून पिणं कुणालाही जमत नाही, स्वतः मान एका खांद्याकडे वळवून पाणी पिऊन बघा. टाके दुखत असतील तर कुशीवर झोपून पाजा, किंवा बाळाचे पाय काखेतून मागे सोडा, म्हणजे पोटावर भार येत नाही.

बाळाचं नाक स्तनाग्रासमोर ठेवा, ओठाला स्पर्श करा आणि थांबा. मोठा आ केला की आधी हनुवटी टेकवून पटकन जवळ घ्या. घाई केली की बाळ फक्त टोक पकडतं. टोक चोखून चिरा पडतात, दूध येत नाही. स्तन भरून कडक झाला असेल तर आधी थोडं दूध हाताने काढून स्तनाग्राभोवतीचा काळा भाग मऊ करा. मग वडापाव तोंडात घालताना जसा ओठांच्या रेषेत दाबतो, तसा स्तन बाळाच्या ओठांच्या रेषेत दाबून धरा.

बरोबर पकडलं की हनुवटी स्तनात रुतलेली असते, तोंड पूर्ण उघडं, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि काळा भाग वरच्या ओठाकडे जास्त, खालच्याकडे कमी दिसतो. पहिले काही क्षण ओढल्यासारखं वाटेल, पण त्यानंतरही दुखत असेल तर पकड चुकलीय. गालाला खळ्या पडणं आणि टचटच आवाज येणं याचाही अर्थ तोच. ओढून काढू नका. करंगळी ओठांच्या कोपऱ्यातून आत घाला, हवा शिरली की सुटतं. परत घ्या. एका बैठकीत पाच वेळा घ्यावं लागलं तरी घ्या.

५. गिळतंय, की नुसतं चाळवतंय?

दोन-तीन दिवसांनी दूध उतरलं की गिळणं ऐकू येतं. आधी भराभर चोखणं, मग खोल, संथ ओढ, हनुवटी खाली जाऊन क्षणभर थांबते, आणि हलकासा 'क' असा आवाज. तो थांबणारा क्षण म्हणजे घोट. अर्धा तास अंगाला लागून दहाच घोट घेतले तर बाळ पीत नाही, पेंगतंय.

अशा वेळी काळ्या भागापासून मागे, पसरलेल्या हाताने स्तन हळूच दाबा आणि दाबून धरा. दुधाची धार वाढते, बाळ जागं होऊन पुन्हा गिळतं. गिळणं थांबलं की हात सोडा, जागा बदला, पुन्हा दाबा. त्यानेही घोट येईनासे झाले की बाजू बदला. दुसरी बाजू झाली की हवं तर पुन्हा पहिली. 'दहा मिनिटं इकडे, दहा तिकडे' हे घड्याळ काढून टाका. स्तन रिकामा होत जातो तसं दुधातला स्निग्धांश वाढतो, म्हणून मिनिटांवर बोट ठेवून बाळाला ओढून काढू नये.

एक ते पाच नीट केलं की बहुतेक घरांत दोन-तीन दिवसांत आधी लंगोट वाढतात, मग शी वाढते, आणि काटा त्यानंतर हलतो. लंगोटच वाढले नाहीत तर पुढची पायरी.

६. काढून पाजणं

इथून मेहनत वाढते. पाजून झालं की दोन्ही बाजूंनी दहा-दहा मिनिटं हाताने किंवा पंपाने दूध काढा आणि तेच बाळाला वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजा. बाटली शक्यतो टाळा. तिच्यातून विनासायास येणाऱ्या धारेची सवय लागली की काही बाळं अंगावर कंटाळा करतात. हाताने काढायला अंगठा आणि बोटं काळ्या भागाच्या कडेला, आधी छातीकडे मागे दाब, मग एकमेकांकडे. नुसतं स्तनाग्र पिळून काही निघत नाही, दुखतं तेवढं. काढलेलं दूध खोलीत चार तासांच्या आत वापरा, उकाडा असेल तर त्याहून लवकर. फ्रीजच्या आतल्या बाजूला चोवीस तास. गरम पाण्यात वाटी ठेवून कोमट करा, मायक्रोवेव्ह नको.

पाजा, काढा, परत पाजा, भांडी उकळा, हे चक्र एकट्या बाईकडून दिवसरात्र होत नाही. तीन-चार दिवसांसाठीच ठरवा आणि भांडी, ढेकर, लंगोट दुसऱ्याकडे द्या.

वरचं दूध लागलं तर? लागलं तर द्यायचं. भुकेल्या बाळावर तत्त्व सिद्ध करायला मी कुणाच्या घरी जात नाही. पहिली पसंती आईच्या काढलेल्या दुधाला, मिळत असेल तर दूधपेढीतल्या दुधाला. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ पासून अशी पेढी आहे, पण तिथलं दूध प्रामुख्याने दाखल असलेल्या कमी वजनाच्या आणि आजारी बाळांसाठी असतं. नाहीतर डॉक्टरांनी सांगितलेली पावडर, त्यांनीच सांगितलेल्या मापात, डब्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. डबा पुरवायचा म्हणून पाणी वाढवलं की वजन आणखी घसरतं. पाणी घातलेलं गाईचं दूध नको. आणि प्रत्येक वेळी आधी अंगावर, मग वरचं. दुकानदाराच्या सल्ल्याने डबा आणू नका. १९९२ च्या कायद्याने या पावडरींची जाहिरातच बंद आहे, ती उगाच नाही.

७. आईच्या तपासण्या

हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू जरूर खा. बाळंतिणीला जास्तीचं अन्न लागतंच आणि ते चविष्ट असेल तर उत्तम. पण पकड चुकलेली असताना किलोभर लाडवांनी दूध वाढत नाही. शतावरीच्या डब्यांबद्दलही माझं मत हेच. पाणी तहानेप्रमाणे प्या. काही घरांत बाळंतिणीचं पाणी तोडतात, ते तेवढं थांबवा.

डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी वेगळ्या. बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं का? चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत दूध उतरलंच नाही आणि रक्तस्राव अजून जोरात आहे का? वारेचा तुकडा आत राहिला तरी दूध अडतं. थायरॉइड आहे का, गोळी बाळंतपणानंतर बंद केली का? पीसीओएस (पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा बिघाड), पूर्वी झालेली स्तनांची शस्त्रक्रिया, गरोदरपणात स्तनांमध्ये काहीच बदल न होणं, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या. यातल्या बऱ्याच गोष्टी साध्या रक्तचाचणीत किंवा सोनोग्राफीत कळतात. काही बायकांमध्ये दूध तयार करणाऱ्या ग्रंथीच कमी असतात. तिथे थोडं अंगावरचं, थोडं वरचं, असंच चालतं आणि त्यात त्या बाईचा दोष काडीचाही नसतो.

८. बाळाच्या तपासण्या

जिभेखालचा पडदा आखूड असेल तर जीभ खालच्या हिरडीपुढे येत नाही आणि पकड पुन:पुन्हा सुटते. नुसता पडदा दिसतो म्हणून कापायचा नसतो. पाजण्यात अडथळा आहे का, हे पाजताना बघून ठरवायचं. ३५-३६ आठवड्यांना जन्मलेलं बाळ वजनाने चांगलं दिसलं तरी ओढण्यात कच्चं असतं आणि कावीळ झालेलं बाळ झोपाळू होतं, या दोघांना सहाव्या पायरीवर लवकर न्यावं लागतं. पिवळ्या बाळाला खिडकीतल्या उन्हात ठेवून उपचार झाला असं मानू नका, रक्तातला आकडा बघावा लागतो. याशिवाय थायरॉइडची कमतरता, लघवीतला जंतुसंसर्ग, हृदयातला दोष. हे घरी कळत नाही, मलाही कळत नाही. तीन ते सहा आठवड्यांच्या बाळाला प्रत्येक पाजण्यानंतर जोरात फवाऱ्यासारखी उलटी होत असेल तर जठराचं तोंड आवळलेलं असू शकतं, तिथे शल्यचिकित्सकच लागतो.

घरचे प्रयोग कधी थांबवायचे

वरच्या धोक्याच्या खुणा नसल्या तरी: चौदाव्या दिवशी जन्माचं वजन गाठलं नसेल, पहिल्या पाच पायऱ्या नीट करून तीन दिवसांत लंगोट आणि वजन हललं नसेल, किंवा आधी चांगलं वाढणारं बाळ अचानक थांबलं असेल, तर बालरोगतज्ज्ञाकडे जा. आधी बाळाचे डॉक्टर, मग स्तनपान सल्लागार, हा क्रम उलटा करू नका. आईला ताप आणि स्तनात लाल, दुखरी गाठ असेल तर तिचीही त्याच दिवशी तपासणी हवी, आणि दोन्ही बाजूंनी पाजणं चालू ठेवायचं. ती सारखी रडतेय, झोप येत नाही, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, असं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. ती बाब वजनाइतकीच खरी आहे.

जाताना सगळ्या वजनांच्या तारखा, चोवीस तासांचा तो कागद, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड आणि विटकरी डागाचा फोटो न्या. आणि बाळाला निघण्याआधी पोटभर पाजू नका, तिथे पोचल्यावर डॉक्टरांसमोर पाजता येईल अशी वेळ साधा.